फुले कसं पटवतात, आणि तुम्हाला काय वाटतं: एपी इंग्लिशचे दोन निबंध

सांगलीत विश्रामबागेत मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातली दोन-तीन मुलं अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्लिश लँग्वेज परीक्षा देतात, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. मे महिन्यातल्या या पेपरात तीन निबंध असतात आणि एकूण गुणांतले ५५ टक्के त्यांच्यावर ठरतात. पहिल्या, सिंथेसिसच्या निबंधात दिलेल्या उताऱ्यांपैकी किमान तीन वापरा असं प्रश्नातच सांगितलेलं असतं, म्हणून तिथे सहसा कुणी वाट चुकत नाही. घोळ होतो तो पुढच्या दोन निबंधांत: ऱ्हेटॉरिकल ॲनॅलिसिस आणि आर्ग्युमेंट.

दोन्हींची गुणपद्धत सारखीच दिसते. प्रत्येकी ६ गुण: १ मुख्य विधानाला, ४ पुरावे आणि त्यांच्या स्पष्टीकरणाला, १ विचारांच्या खोलीला. पण ॲनॅलिसिसमध्ये विचारलेलं असतं की लिहिणाऱ्याने आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी कसं उतरवलं. आर्ग्युमेंटमध्ये विचारतात, तुमचं म्हणणं काय आणि ते कशावरून.

हा फरक मी एकाच मजकुरावर शिकवते. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन इंग्रजीतच आहे, आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे मुलांना ते परकं वाटत नाही. यंदा एका विद्यार्थिनीने त्यावर ॲनॅलिसिस म्हणून दोन पानं लिहून आणली. शिक्षण सर्वांना मिळालंच पाहिजे, फुल्यांचं म्हणणं आजही खरं आहे, असं सगळं. वक्तृत्व स्पर्धेत या भाषणाला टाळ्या पडल्या असत्या. वाचताना मला हळहळ वाटली, कारण तिची कळकळ खरी होती आणि तरी प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. फुल्यांशी सहमत आहात का, हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

मग आम्ही निवेदन पुन्हा उघडलं. सुरुवातीलाच फुले सांगतात की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे. एवढी मोठी मागणी करणारा माणूस आधी स्वतःची मर्यादा का सांगतो? ऐकणारे कोण आहेत ते बघा: सरकारने नेमलेला आयोग. पाहिलं तेवढंच बोलणाऱ्या साक्षीदारावर असे लोक विश्वास ठेवतात. लगेच पुढे मुलींच्या शाळेचा उल्लेख येतो, म्हणजे अनुभव थोडा असला तरी हाताने केलेल्या कामाचा आहे. आणि मग सरकारी महसूल. तो मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, वरच्या वर्गाचा वाटा नगण्य, आणि शिक्षणाचा लाभ मात्र त्यांनाच. फुले इथे दया मागत नाहीत, हिशोब मांडतात. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी त्यामुळे उपकाराची राहत नाही, येणं असलेल्या रकमेची होते. हे ‘का’ आणि ‘कुणासाठी’ लिहिलं की ॲनॅलिसिस होतं.

दहावीच्या रसग्रहणाची सवय इथे आडवी येते. काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे पाडून मुलं अलंकारांची नावं लिहितात. नुसत्या नावाला इथे गुण नाहीत. नाव आठवलं नाही तरी चालेल, त्याचा ऐकणाऱ्यावर परिणाम काय झाला ते सांगा.

आता विषय तोच ठेवून आर्ग्युमेंटचा प्रश्न घेऊ: सरकारने आधी प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा की उच्च शिक्षणावर? इथे उतारा उलगडायचा नाही, पुरावे स्वतःच्या वाचनातून, पाहण्यातून आणायचे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊरावांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था आणि तिची ‘कमवा आणि शिका’ योजना इथे कामाला येते. स्वतःच्या गावची जिल्हा परिषदेची शाळाही येते. विरुद्ध बाजूही घ्यावी लागते: कॉलेजंच नसतील तर प्राथमिक शाळांना शिक्षक कुठून मिळणार? फुलेही इथे येऊ शकतात, पण अनेक दाखल्यांतला एक म्हणून.

म्हणून तयारीही वेगळी. आर्ग्युमेंटसाठी असे दहा-बारा दाखले वहीत जमवा आणि प्रत्येकापुढे तो काय सिद्ध करतो ते एका ओळीत लिहा. २०१९ च्या महापुराची आठवण आमच्या बऱ्याच मुलांकडे आहे. पाणी घरात शिरल्याचं वर्णन केलं की ती पुरावा समजतात, पण त्यातून कोणता मुद्दा उभा राहतो हे लिहायचं राहून जातं. ॲनॅलिसिससाठी जमवण्यासारखं काही नाही. रोज एक पत्र किंवा भाषण पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक परिच्छेदाशी ‘हे आत्ताच का?’ असं लिहा. आठवड्यातून एकदा मात्र दोन्ही घड्याळ लावून लिहा, प्रत्येकी ४० मिनिटं.

पेपरात गोंधळ उडालाच तर मी मुलांना वाक्याचा कर्ता तपासायला सांगते. ॲनॅलिसिसमध्ये बहुतेक वाक्यांचा कर्ता लेखक असतो आणि तो काहीतरी करत असतो: मर्यादा कबूल करतो, हिशोब मांडतो. आर्ग्युमेंटमध्ये कर्ता विषयच असतो: शिक्षण, खर्च, शाळा. त्या विद्यार्थिनीने सगळा निबंध पुन्हा लिहिला. पहिल्या खेपेला तिचं पहिलं वाक्य होतं, ‘शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे.’ दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं, ‘फुले आयोगाकडे न्याय मागण्याआधी आयोगाला हिशोब दाखवतात.’