संगीत विभागाची मैफल: पोस्टर फिरवण्याआधी कोणते अर्ज, कोणती कागदपत्रं?

गुरुपौर्णिमा झाली की विद्यापीठांच्या संगीत विभागांत वर्षाची यादी आखली जाते. विद्यार्थ्यांची बैठक, पाहुण्या कलाकाराची मैफल, एखादं सप्रयोग व्याख्यान, थंडीत वार्षिक संमेलन. तारीख ठरते, कलाकाराचा होकार येतो, कुणीतरी हौसेने पोस्टर करून व्हॉट्सॲपवर टाकतं. चार दिवस उरले की प्रश्न निघतो, "अरे, पोलिसांचं पत्र दिलंय ना?"

एका वर्षी आमचा अर्ज पोलिस ठाण्यातून परत आला. अर्जात लिहिलं होतं ‘विभागातील विद्यार्थी व पालकांसाठी’. टेबलापलीकडच्या हवालदारांनी मोबाइलवर आमचंच पोस्टर उघडून समोर धरलं. त्यावर ठळक अक्षरांत, ‘प्रवेश सर्वांसाठी खुला’. चूक सरळसरळ आमची होती. तेव्हापासून आमच्याकडे पोस्टर शेवटी होतं आणि त्यातला मजकूर अर्जातून उचलला जातो.

कारण कोणता परवाना लागेल आणि कोणती सूट मिळेल, हे चार गोष्टींवर ठरतं. कोण गाणार, कोण ऐकणार, पैसे घेणार का आणि आवाज भिंतीबाहेर जाणार का. यांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा, मगच अर्जाला हात घाला.

सूट कुणाला मिळते?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२(१)(जे) शिक्षणसंस्थांना मोकळीक देतं. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून तिथल्याच शिक्षक-विद्यार्थ्यांनी एखादी रचना सादर केली, तर तो हक्कभंग धरला जात नाही. ध्वनिमुद्रण वाजवायचं असेल तर श्रोते संस्थेतले, पालक किंवा संस्थेच्या कामाशी संबंधित असे मर्यादित हवेत. कलमाची वाक्यरचना लांबलचक आहे. श्रोत्यांची ही अट गायनालाही लागू आहे असं समजून चालावं, असं माझं मत. म्हणजे विभागाची मासिक बैठक, गाणारी आपलीच मुलं, समोर वर्गमित्र आणि आईवडील: इथे परवान्याची धावपळ नको. पण तीच बैठक नाट्यगृहात नेऊन गावाला खुली केलीत, किंवा मधल्या तासाला बाहेरचा कलाकार बसवलात, तर या सुटीवर विसंबू नका.

याच कलमात पुढे (एल) आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेला कार्यक्रम त्यात बसतो. गावातलं म्युझिक सर्कल विभागासोबत कार्यक्रम करतं तेव्हा लोक या तरतुदीचा आधार घेतात. मात्र कलाकाराला मानधन देऊन ‘हौशी’ म्हणणं ओढूनताणून होतं.

बंदिशीतली मुद्रा बघा

या सवलतीत बसत नसलात तरी लगेच परवाना लागेलच असं नाही, कारण रचनेचा हक्कच संपलेला असू शकतो. रचनाकाराच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. शास्त्रीय संगीतवाल्यांची इथे एक सोय आहे: रचनाकार बहुतेक वेळा स्वतःचं नाव किंवा टोपणनाव बंदिशीतच गुंफून ठेवतो, तीच मुद्रा.

‘सदारंग’ असेल तर प्रश्नच नाही, तो अठराव्या शतकातला. ‘चतुर’ म्हणजे पंडित भातखंडे, निधन १९३६, केव्हाच मुक्त. ‘प्रेमपिया’ म्हणजे उस्ताद फैयाज खाँ, १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून मोकळं. ‘गुणीदास’ आली की थांबा. जगन्नाथबुवा पुरोहित १९६८ साली गेले, तेव्हा हक्क २०२८ अखेरपर्यंत. ‘सुजान’ म्हणजे श्रीकृष्ण रातंजनकर, निधन १९७४, म्हणजे २०३४ अखेर. कुमार गंधर्वांच्या स्वतःच्या रचना २०५२ पर्यंत. मी विद्यार्थ्यांना कार्यक्रमपत्रिकेत रागापुढे बंदिशीचे बोल आणि मुद्रा लिहायला लावतो. परवान्याचं काम तिथेच निम्मं होतं, आणि आपण काय गातोय ते मुलांनाही कळतं.

नाट्यपदात आणि भक्तिगीतात शब्द आणि चाल वेगळे मोजायचे. ‘मानापमान’चे शब्द खाडिलकरांचे (निधन १९४८), चाली गोविंदराव टेंब्यांच्या (निधन १९५५). दोन्ही मुदती संपल्या आहेत. गीतरामायणाचं तसं नाही. गदिमा १९७७ साली गेले, बाबूजी (सुधीर फडके) २००२ साली, म्हणून शब्द २०३७ पर्यंत आणि संगीत २०६२ पर्यंत संरक्षित. आणि अभंग म्हणजे संतांचा, त्याला कसला परवाना, असं म्हणण्याआधी चाल कुणाची ते विचारा. शब्द तुकोबांचे असले तरी चाल श्रीनिवास खळ्यांची असेल, तर ती चाल २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

संरक्षित रचना जाहीर कार्यक्रमात येणार असतील, तर शब्द आणि संगीतासाठी आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करायचा. ही संस्था आपल्या सभासदांच्याच रचनांचा परवाना देते. रचनाकार सभासद नसेल तर त्याच्याकडून किंवा वारसांकडून थेट पत्र घ्यायचं. अर्जात कार्यक्रमाची तारीख, जागा, आसनसंख्या आणि तिकीट आहे की नाही हे विचारलं जातं, त्यामुळे सभागृहाचं आरक्षणपत्र आधी हातात हवं.

ध्वनिमुद्रणांचं खातं निराळं, त्यासाठी पीपीएल (रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी संस्था) किंवा मुद्रणाचा जो मालक असेल तो. आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे रेकॉर्ड वाजवतो? पडदा उघडण्याआधी सभागृहात सनईची जी रेकॉर्ड लावता, ती धरा की. प्रकाशनानंतर ६० वर्षं उलटलेलं मुद्रण त्या बाजूने मोकळं असतं. जुन्या तबकड्या ऐकवत केलेल्या व्याख्यानाला त्याचा फायदा होतो. शिवाय टीका-समीक्षेसाठी तुकडा ऐकवण्याला कायद्यात वेगळी जागा आहे. संपूर्ण तबकडी वाजवून दोन वाक्यं बोलणं मात्र समीक्षा ठरणार नाही.

ध्वनिवर्धकाचा अर्ज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. व्यवहारात अर्ज स्थानिक पोलिस ठाण्यात द्यायचा. रात्री १० ते सकाळी ६ वापर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्याआत ऐकण्यापुरता वापर हा त्याला अपवाद, पण त्या सभागृहाचे स्वतःचे परवाने चालू आहेत का ते व्यवस्थापकाला विचारून घ्या. उघड्यावर रात्री १० ते १२ ची सवलत राज्याला वर्षात फार तर १५ दिवस देता येते आणि ते दिवस सणावारांनी भरलेले असतात. तुमच्या संमेलनाची तारीख त्यात पडणं हा नशिबाचा भाग.

आवाजाची मर्यादा जागेच्या सीमेवर मोजतात: परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. निवासी भागात दिवसाचं मानक ५५ आहे, म्हणजे सीमेवर ६५ च्या वर जायचं नाही. तंबोरा आणि ख्यालाला एवढं पुरतं. फ्यूजनवाल्यांना नाही पुरत. विद्यापीठाचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित आहे का, हेही पाहा. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असा समज आहे, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी राज्य शासनाची घोषणा लागते.

या वेळेच्या नियमाने आपल्या ऐकण्याचंच वेळापत्रक बदललं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, पहाटेचा राग पहाटेच ऐकायला मिळायचा. आता विभागाच्या मैफलीतही मालकंस रंगात येतो आणि आयोजक घड्याळाकडे बघत विंगेत येरझाऱ्या घालतो. माझा सल्ला: अर्जात समाप्तीची वेळ साडेनऊ लिहा, आणि पाहुण्या कलाकारालाही साडेनऊच सांगा.

पैसे, तिकीट, मानधन

इथे फार वेळ घालवायला नको. संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला मिळणारं दीड लाखापर्यंतचं मानधनही करमुक्त सेवेत येतं. ही सूट जीएसटीची, आयकराची नव्हे, म्हणून पॅनकार्डची प्रत आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश कार्यक्रमाआधीच मागून घ्या. नंतर मागितलं की साथीदारांचे पैसे तीन-तीन महिने अडकतात. ‘देणगी प्रवेशिका’ म्हटल्याने तिकीट तिकीट राहत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. परदेशी कलाकार पर्यटक व्हिसावर आला असेल, तर त्याला मानधनावर गायला बसवू नका.

कॅमेरा लावण्याआधी

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे कलाकाराची ध्वनिचित्रमुद्रणाची संमती. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क स्वतंत्र आहे, सादरीकरणानंतर ५० वर्षांचा. सादरकर्ता कोण, याची यादीही मजेशीर आहे: गायक, वादक, नर्तक यांच्या सोबतीला कसरतपटू, हातचलाखी करणारा, गारुडी, आणि व्याख्यान देणारा. म्हणजे अतिथी व्याख्यात्याचीही सही हवी.

केवळ अध्यापन-संशोधनासाठी मुद्रण करून विभागाच्या संग्रहात ठेवलं, तर सादरकर्त्याच्या हक्काचा भंग होत नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण हे त्यात बसत नाही. संमतीपत्रात मुद्रण कुठे दाखवणार, पूर्ण की तुकडे, किती काळ आणि त्यातून उत्पन्न झालं तर कुणाचं, हे चार मुद्दे स्पष्ट लिहा. मुख्य कलाकाराची सही घेऊन लोक खूश होतात. तबलजी, पेटीवाले आणि मागे तंबोऱ्यावर बसून स्वर लावणारी शिष्या, यांच्याही सह्या घ्या. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची सही घ्यायची.

अर्जासोबत काय जोडायचं

पोलिस ठाण्यासाठी: विभागाच्या लेटरहेडवर जावक क्रमांकासह अर्ज, कुलसचिव कार्यालयाची मान्यता, सभागृह किंवा मैदानाचं परवानगीपत्र, कार्यक्रमपत्रिका, सुरुवात-समाप्तीची वेळ, अपेक्षित श्रोते, स्पीकरची संख्या, साउंडवाल्याचं नाव-पत्ता, आणि जबाबदार व्यक्तीचं ओळखपत्र व मोबाइल नंबर. जबाबदार व्यक्ती म्हणून विभागप्रमुखांचं नाव देण्याची पद्धत आहे. माझ्या मते जो माणूस त्या रात्री दाराशी उभा असेल त्याचं द्यावं, कारण फोन त्यालाच येणार. उघड्यावर मंडप असेल तर महापालिकेची आणि अग्निशमन दलाची ना हरकत वेगळी. संगीत नाटकातला प्रवेश संवादांसह जाहीर सादर करणार असाल, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून तालमी सुरू करतानाच ती पाठवा.

एकंदर महिनाभर हाताशी ठेवा. पहिला आठवडा विद्यापीठातल्या सह्यांमध्ये जातो, त्यात सुट्ट्या आल्या तर दोन. पोलिस ठाण्यात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. पोच म्हणजे परवानगी नव्हे, तेव्हा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पुन्हा जाऊन परवानगीचं पत्र आणा.

त्या पत्राच्या दोन झेरॉक्स काढा. एक दाराशी उभ्या माणसाच्या खिशात, दुसरी साउंडवाल्याच्या मिक्सरखाली. तक्रार आली तर गणवेशातला माणूस रंगमंचाकडे जात नाही, तो आधी मिक्सरपाशीच येतो.