शाकाहारी घरात डुकराचा कृमी कसा येतो?

इंदूरला, लोकमान्य नगरात, शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला शाळेत आकडी आली. स्कॅनमध्ये मेंदूत लहानशी गोल कडी दिसली. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या पट्टकृमीची अळी आहे. आजी हादरल्याच. “अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही!”

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि डॉक्टरांचंही. अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात काही मीटर लांब कृमी वाढतो; त्याला बहुतेक वेळा फारसा त्रासही होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण डुकरानं खाल्ली की त्याच्या स्नायूंत अळ्या धरतात. तीच अंडी न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून आपल्या पोटात गेली, तर अळ्या आपल्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसतात. मांस खाल्लं एकानं आणि आकडी आली दुसऱ्याला, असं होतं ते यामुळे.

हा आजार दुर्मीळ नाही. जिथे त्याचा प्रादुर्भाव आहे, तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांत मूळ कारण हेच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे अशी कडी दिसली की पूर्वी क्षयाची गाठ समजून औषधं सुरू होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेकींत कृमी निघाला.

प्राण्यांकडून येणारे इतरही परजीवी आहेत. मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा जगातल्या अंदाजे एक तृतीयांश माणसांच्या शरीरात असतो. बहुतेकांना तो कळतही नाही, मात्र गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे यकृतात पाण्याच्या गाठी होतात. असे रुग्ण कोणत्याही वेळी जगात दहा लाखांहून अधिक असतात.

इंदूरनं 2017 पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर पटकावला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मंडईतली जुडी कुठल्या पाण्यावर वाढली, ते बघून कळत नाही. आता आजी जुडी सोडतात, मुळं कापतात, मातीचा कणही उरत नाही तोवर एकेक काडी नळाखाली चोळतात.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. आकडी आल्यावर घरच्या घरी जंताची गोळी देऊ नका. मेंदूतली अळी मरताना भोवती सूज येते आणि आकडी वाढू शकते, म्हणून आधी सूज आवरणारं औषध द्यावं लागतं. शेजारच्या मुलाची गाठ काही महिन्यांत विरली. आकडीची गोळी अजून चालू आहे.