जुना अंक आणताय? सेलोटेप लावू नका प्लीज

मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी ठाण्यातले माळे आवरले जातात, आणि मग आमच्याकडे जुने दिवाळी अंक दुरुस्तीला यायला लागतात. बहुतेक अंकांना घरीच सेलोटेप मारलेली असते. "जरा नीट दिसावं म्हणून लावली हो." कळतं आम्हाला, पण आमचं निम्मं काम तिथेच वाढतं.

होतं काय की टेपचा गोंद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. वरचं प्लॅस्टिक सुकून एक दिवस आपोआप निघतं, डाग मात्र कायमचा. आणि टेप नवी असताना खस्सकन ओढलीत तर शाईसकट कव्हरचा पापुद्रा हातात येतो. चित्रकार दलालांच्या 'दीपावली'वर नाहीतर चित्रकार मुळगावकरांच्या 'रत्नप्रभा'वर चित्रातल्या बाईच्या गालावरून असा पट्टा गेला की अंकाचा भावही गेलाच समजा.

'आवाज'चं तर विचारूच नका. 1951 पासूनचा हा अंक, त्याची मजाच खिडकीत, कापलेल्या चौकोनातून एक दिसतं नि पान उलटलं की भलतंच निघतं. त्या खिडकीची कड फाटली की लोक मागून टेप मारतात, तिची कड खालच्या पानाला चिकटते, आता पान उलटणार कसं?

टेप काढायचे वेगळे पैसे का, हे रोज विचारलं जातं. थोडी ऊब देत, पातळ पट्टीने जरा जरा सरकवत काढावी लागते, एकेका कव्हरला अख्खी दुपार जाते. डाग पुसायच्या आधी शाई फुटते का ते कोपऱ्यात बघतो, फुटत असेल तर डागाला हातच लावत नाही, आणि तसं तुम्हाला आधी सांगतो. फाटलेलं आम्ही पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडतो, कारण उद्या कुणाला काढायचंच झालं तर ते पाण्याने सुटतं. गंजलेल्या पिना काढून त्याच भोकांतून सुती दोरा घालतो. लॅमिनेशन करत नाही, कितीही आग्रह केलात तरी, कारण ते परत निघत नाही.

तुम्ही एवढंच करा, निघालेला तुकडा कितीही बारीक असो, कागदी पाकिटात घालून सोबत आणा. डांबरगोळ्या पानांत ठेवू नका. आणि पावसाळ्यात अंक भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात बुरशी लागते आणि कसरही येते.

घरी ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणि मागे घालायचा ॲसिड-फ्री पुठ्ठा आमच्याकडे मिळतो, 'चांदोबा'च्या साइझपासून मोठ्या दिवाळी अंकापर्यंत. बाजारातल्या साध्या प्लॅस्टिकपेक्षा महाग आहे, पण ते अंकाला चिकटत नाही.

नुसतं दाखवायला आणलात तरी चालेल, बघायचे पैसे घेत नाही. फक्त विकायचा असेल तर आधीच बोला, मग दुरुस्तीच्या भानगडीत न पडता आहे तसाच दिलेला तुम्हाला जास्त परवडतो.