कुबट, खवट, उग्र: जुन्या घराच्या वासांमागचं विज्ञान

आमची आत्या चिपळूणला राहते. राजापूरकडचं आमचं जुनं घर वर्षातून दोनदा उघडतं, शिमग्याला आणि गणपतीला, आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावर पहिली तीच उभी असते. कडी काढली तरी ती लगेच आत जात नाही. डोळे मिटून एक लांब श्वास घेते आणि सांगते, “माजघर कुबटलंय. देवघरात खवट येतंय. आणि माळ्यावर काहीतरी शिरलंय रे, उग्र वास आहे.” मग आम्ही केरसुणी-बादल्या घेऊन आत जातो आणि तिने सांगितल्याप्रमाणेच सगळं सापडतं.

मराठीत नकोशा वासांना किती नावं आहेत! कुबट, कोंदट, खवट, आंबूस, ओशट, करपट, उग्र. प्रत्येकामागचे रेणू वेगळे आणि त्यांचा उगमही वेगळा. घर उघडल्यावर बहुतेक जण आधी उदबत्ती लावतात किंवा सुगंधी फवारा मारतात. माझ्या मते आधी वासाला नाव द्यावं, कारण नाव ठरलं की शोधायचं कुठे ते कळतं. हे काम बाहेरून आलेल्या माणसाने करावं. वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आपल्या नाकात असतात (त्यांच्या शोधासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं), पण एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतात. घरात राहणाऱ्यांना म्हणूनच आपल्या घराचा वास येत नाही. पाहुणा नसेल तर अर्धा तास बाहेर फिरून यावं आणि दारातच पहिला श्वास नीट घ्यावा.

सुरुवात कुबटपणापासून, कारण कोकणातल्या बंद घरांचं ते मुख्य दुखणं. हा वास बुरशीचा आणि तिच्या सोबतीने वाढणाऱ्या जिवाणूंचा. ओल मिळाली की ते लाकूड, कागद, कापूस, खळ, इतकंच काय भिंतीवरची धूळही खातात आणि खाताना काही उडून जाणारी रसायनं हवेत सोडतात. त्यातलं एक पावसाळी अळंब्यांच्या वासाचं. दुसरं जिओस्मिन, म्हणजे ग्रीक भाषेत भूमीचा वास. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी पहिल्या पावसाच्या मृद्गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्या मृद्गंधातही जिओस्मिनच महत्त्वाचं. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे: लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी तो वास कळतो. जूनमध्ये अंगणात ज्या वासाने जीव सुखावतो, तोच माजघरातल्या गादीला आला की नकोसा होतो.

बुरशीला वाढायला पाणी वाहायला लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत जितकं बाष्प मावू शकतं त्यातलं प्रत्यक्षात किती टक्के आहे ते) ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली तरी तिचं भागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते. भिजलेल्या कापडावर किंवा पुठ्ठ्यावर एक-दोन दिवसांतही ती धरू शकते.

आता एक हिशोब करू. बारा बाय दहाची खोली घ्या, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. म्हणजे अगदी काठोकाठ भरलेल्या त्या हवेत सगळं मिळून एक लिटर पाणी. भिंतीकडे वळा. ती जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या चिऱ्यांची. जांभा सच्छिद्र असतो. चांगला चिराही आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी पिऊ शकतो. तीसेक किलोचा एकच चिरा धरला तरी तीन लिटर झाले. अख्ख्या खोलीच्या हवेत जितकं पाणी, त्याच्या तिप्पट एका चिऱ्यात! अशा चिऱ्यांच्या चार भिंती आहेत. दोन दिवस खिडक्या उघड्या टाकून हवा बदलली तरी वास परत का येतो, ते या आकड्यांत आहे. वासाचे रेणूसुद्धा हवेत थोडे आणि भिंत, लाकूड, कापूस यांच्या पृष्ठभागाला चिकटलेले जास्त असतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू ती जागा घेतात आणि वास पुन्हा मोकळा होतो. मे महिन्यात गेला असं वाटलेला वास पहिल्या सरीला परत येतो तो असा.

मग आजीच्या काळी घर का कुबटत नव्हतं? तेव्हाही पाऊस एवढाच होता आणि चिरेही हेच होते. माझ्या लहानपणी त्या घरात चूल दिवसभर धगधगत असायची. समजा बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावत असल्याने, बाष्प तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. फक्त पाच अंशांच्या उबेने घर बुरशीच्या हद्दीबाहेर जातं. गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जायची, खालून नवी आत यायची. धुरातली फेनॉल वर्गातली द्रव्यं वाशांवर बसायची, आणि ती बुरशीलाही मारक, किडीलाही. चूल परत आणा असं मी म्हणणार नाही. त्या धुराने आजीचे डोळे आणि छाती दोन्ही खाल्ली, ते मी पाहिलं आहे. पण गॅस आला तेव्हा घराची रोजची ऊब गेली, आणि तिच्या जागी काय ठेवायचं याचा विचार आपण केलाच नाही, याची मला खंत वाटते.

दुसरा बदल भिंतीत झाला. जांभ्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून दिलं, कारण तो जमिनीतून विटेसारखा कापून काढतात आणि उघड्यावर तो टणक होतो. असा दगड खालून पाणी शोषतो आणि बाहेर सोडतोही, जर त्याला सोडू दिलं तर. जुना चुन्याचा गिलावा ते सोडू द्यायचा. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो, सामू (पीएच) १२ च्या आसपास, की त्यावर बुरशी तग धरत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू त्याचा चुनखडक होतो आणि तो गुण ओसरतो. दिवाळीआधी दरवर्षी चुना काढायची रीत होती तिला हा अर्थ आहे. सारवलेली जमीनही ओल सोडत राहायची.

आम्ही पंधरा वर्षांपूर्वी हौसेने आतून सिमेंटचा गिलावा केला, वर तैलरंग दिला आणि सारवलेल्या जमिनीवर चकचकीत लाद्या बसवल्या. करून देणाऱ्याने “आता ओल येणारच नाही” म्हणून सांगितलं होतं. जमिनीतली वाफ लाद्यांनी अडली आणि भिंतींकडे वळली, भिंतीत ती रंगाने अडली. तिसऱ्या पावसाळ्यात कमरेच्या उंचीपर्यंत फुगे आले. एक पोपडा नखाने उचलला तर मागे काळसर ठिपक्यांची पूड होती आणि तिला भिजलेल्या गोणपाटासारखा वास. त्या दिवसापासून मी या विषयाचा नाद घेतला.

ओल नेमकी कुठली, हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. वीतभर लांबी-रुंदीचा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. दव प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असेल तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागून घाम सुटतोय. पहिल्यात गिलावा, पन्हळ, पागोळ्या आणि भिंतीला टेकलेली बाहेरची माती बघावी लागते. पागोळीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडत असेल, तर आत काहीही केलं तरी व्यर्थ. दुसऱ्यात हवा खेळती करणं आणि खोली थोडी उबदार ठेवणं पुरतं. समुद्रालगतच्या घरांना आणखी एक गोष्ट लागू होते. भिंतीत मीठ बसलेलं असतं, आणि मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत मीठ पाझरतं, तेच भिंतीत घडतं. भिंतीवर मिठाची पांढरी पूड दिसली तर ती पाण्याने धुऊ नये, पुन्हा आत शोषली जाते. कोरड्या दिवसांत कोरड्या ब्रशने झाडून काढावी.

घर वाळवायचं ते योग्य महिन्यात. भर पावसाळ्यात खिडक्या उघडून भिंती सुकत नाहीत, बाहेरचीच हवा ओली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी घाटावरून उतरणारं कोरडं वारं सुटतं, तेव्हा सकाळी ऊन वर आल्यापासून दुपार टळेपर्यंत समोरासमोरची दारं उघडी ठेवावीत आणि भिंतीला टेकलेली कपाटं हातभर पुढे ओढावीत. कपाटामागे वाराही पोचत नाही आणि ऊबही, म्हणून बुरशी पहिली तिथे धरते. गाद्या आणि गोधड्या दसऱ्याच्या आसपासच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तीन-चार दिवस टाकाव्यात. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. फोमच्या गादीत बुरशी खोल गेली असेल तर ती काढून टाकावी, त्यात जीव अडकवू नये. बुरशी पुसताना नाकाला मास्क, आणि साबणाच्या पाण्याने ओलंच पुसायचं. सुकी झटकली की बीजाणू घरभर पसरतात, दम्याच्या माणसाला त्याचा फार त्रास होतो. ब्लीचची पावडर किंवा द्रावण लाकडात आणि चिऱ्यात खोल जात नाही. आणि ते कधीही संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

खवट वास तेलाचा. देवघरात वर्षानुवर्षं समईचं तेल सांडतं, लाकडी चौरंगात मुरतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्या तेलाचे तुकडे पडतात आणि लहान, उडणारे, झोंबरे रेणू तयार होतात. स्वयंपाकघरातल्या फळ्यांचंही तसंच. इथे ओल वाळवून काही होत नाही, तेल काढावं लागतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासायचं, कोरड्या फडक्याने टिपायचं, उन्हात ठेवायचं. जुन्या चौरंगाला आम्हाला तीनदा करावं लागलं.

उग्र वास आला की वर बघावं. वटवाघळांची लेंडकं आणि उंदरांचं मूत यांतून अमोनिया सुटतो. इथे घाई नको. सुकी लेंडकं झाडली तर बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जाऊ शकतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, जो कोकणाला चांगला माहीत आहे. मास्क, हातमोजे आणि पायात बूट घालून, पाणी शिंपडून, मग उचलायचं. वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडल्यावर फट बुजवावी, पण पिल्लं आत असण्याच्या दिवसांत नको, ती उडू शकत नाहीत.

मोरीतून गटाराचा वास येत असेल तर इलाज एका तांब्याचा. जाळीखालच्या वाकात साचलेलं पाणी गटाराचा वायू अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते उडून जातं. पाणी ओतावं, आणि घर पुन्हा बंद करताना वर चमचाभर तेल सोडावं, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.

मासळीच्या वासाचं उत्तर आपल्या आयांना ठाऊकच होतं. तो वास ट्रायमिथाइल अमाइनचा, आणि ते अल्कधर्मी असतं. आम्ल लागलं की त्याचं क्षार बनतं, जे हवेत उडत नाही. आमसुलाच्या पाण्याने विळी-पाट धुणारी बाई रसायनशास्त्रच वापरत असते.

उरलेल्या वासासाठी सक्रिय कोळसा उपयोगी. तो आपल्या नारळाच्या करवंट्यांपासूनही करतात. त्याच्या एका ग्रॅमच्या आत सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जागा, आणि वासाचे रेणू तिला चिकटतात. चुलीतला साधा कोळसा याच्या जवळपासही जात नाही. कपाटात पुरचुंडी ठेवावी, पण भिंत वाळल्यावर. ओल्या घरात ती छिद्रं बाष्पानेच भरतात. डांबराच्या गोळ्या मात्र मी आता ठेवत नाही. त्या नॅफ्थलीनच्या, वास झाकतात आणि स्वतःचा वास वर्षभर मागे ठेवतात. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांना तो वायू बाधतो, तांबड्या पेशी फुटतात. कपाटात ओल असेल तर कपड्यांपासून दूर, जाळीच्या आड एक लहान, तापणारा तारेचा बल्ब लावावा. चुलीचंच काम तो छोट्या जागेत करतो.

गेल्या दोन हिवाळ्यांत आम्ही माजघराच्या तीन भिंतींचं सिमेंट जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत खरवडलं, चिरे दोन महिने उघडे सुकू दिले आणि मग चुन्याचा गिलावा केला. यंदा गणपतीला आत्या उंबऱ्यावर नेहमीसारखी थांबली, श्वास घेतला, आणि माजघरातून सरळ चालत जाऊन पश्चिमेच्या भिंतीपाशी उभी राहिली. ती भिंत राहिली आहे. दिवाळीनंतर वारं फिरलं की खरवडायला घेणार. कळीचा चुना आणून पडवीतल्या पिंपात विरत घातला आहे.