‘आय ॲम फाइन, थँक यू’च्या मागची गोष्ट

चीनमध्ये इंग्रजी शिकलेल्या पिढीत एक विनोद वर्षानुवर्षं फिरतोय. परदेशात एका चिनी विद्यार्थ्याची गाडी दरीत कोसळते. मदतीला आलेला पोलीस वरून ओरडतो, ‘हाउ आर यू?’ खालून घोकलेलं उत्तर येतं, ‘आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?’ पोलीस निघून जातो.

विनोद जुना आहे, पण अजून चालतो, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते उत्तर स्वतःला तोंडपाठ असतं. त्यातला ‘फाइन’ हा शब्द चिनी मुलांना बहुधा पहिल्यांदा याच वाक्यात भेटतो. पुढे हाच शब्द बारीक वाळूला, तलम कापडाला, स्वच्छ हवेला, दंडाला आणि चक्क नकारालाही लागलेला दिसतो, तेव्हा पंचाईत होते.

चीनमध्ये इंग्रजी आली ती व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. कॅन्टन म्हणजे आजच्या ग्वांगझोच्या बंदरात दलाल आणि दुभाषे एक मोडकी-तोडकी इंग्रजी बोलत. तिला पिजिन म्हणत. त्या बोलीत उत्तम माल म्हणजे ‘नंबर वन’. चहाच्या पेट्यांचा सौदा करताना ‘फाइन’ आणि ‘एक्सलंट’मधला फरक कुणाला हवा होता?

चित्र बदललं १८६२ साली. अफूच्या दुसऱ्या युद्धात हार पत्करलेल्या, तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या दरबाराने परकीय भाषा जाणणारी स्वतःची माणसं हवीत म्हणून बीजिंगमध्ये थोंगवन ग्वान ही शाळा काढली. त्याच वर्षी कॅन्टनच्या बाजूला थांग थिंगशू या व्यापाऱ्याचं इंग्रजी शिकवणारं सहा खंडांचं पुस्तक छापून निघालं. पुढे १८९७ मध्ये शांघायला ‘कमर्शिअल प्रेस’ सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने एक इंग्रजी प्रवेशिका बाजारात आणली. ती तडाखेबंद खपली. गंमत अशी की मूळ पुस्तक चिनी मुलांसाठी लिहिलेलंच नव्हतं. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांसाठी केलेली ती वाचनमाला होती. श्ये होंगलाय यांनी तिला चिनी अर्थ आणि टिपा जोडल्या. म्हणजे ‘एका इंग्रजी शब्दासमोर एक देशी शब्द’ ही आपल्याला ओळखीची घोकंपट्टी शांघायच्या मुलांच्या वाट्यालाही आली, आणि तीही आपल्याकडच्याच पुस्तकातून.

१९४९ च्या कम्युनिस्ट क्रांतीनंतर काही काळ रशियनला मान होता. इंग्रजीचा खरा सुकाळ झाला तो १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर. सुरुवातीला परकीय भाषेचे गुण एकूण निकालात थोडेच धरत. ते वाढवत नेऊन १९८३ पासून पूर्ण धरू लागले. १९८२ मध्ये बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका चिनी दूरदर्शनवर सुरू झाली आणि तिची निवेदिका कॅथी फ्लॉवर घराघरांत पोचली. १९९० च्या दशकात सरकारी प्रकाशनगृहाने लाँगमन या ब्रिटिश प्रकाशकाबरोबर नवी पाठ्यपुस्तकं काढली. त्यांतले ली लेय आणि हान मेयमेय हे विद्यार्थी आज त्या पिढीच्या आठवणींचा ठेवा झालेत. ‘हाउ आर यू’चं उत्तर पक्कं झालं ते याच काळात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग एका सुरात म्हणायचा झाला, तर उत्तर एकच असलेलं बरं. दोष मुलांचा नाही, आणि माझ्या मते शिक्षकांचाही फारसा नाही. परीक्षेत संवादातली रिकामी जागा भरायची असेल, तर ‘फाइन’च्या जागी दुसरं काही सुचवणारा शिक्षक मुलांचे गुण घालवतो.

खरं तर तब्येतीचा ‘फाइन’ हा या घराण्यातला बराच धाकटा. मूळ लॅटिन शब्द ‘फीनिस’, म्हणजे शेवट. जे शेवटापर्यंत नेलं, ज्यात आणखी काही करायचं उरलं नाही, ते जुन्या फ्रेंचमध्ये ‘फँ’. तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता शुद्ध, निर्भेळ. फाइन गोल्ड म्हणजे चोख सोनं. आपल्याकडे दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो, तो याच अर्थाचा ‘फाइननेस’ सांगतो: हजार भागांत ९१६ भाग सोनं. जितकं गाळाल तितकं शुद्ध, जितकं कातून ओढाल तितकं बारीक, अशा वाटेने पुढे तलम कापड, बारीक धागा, धारदार पातं हे सगळं ‘फाइन’ झालं.

दंडाचा ‘फाइन’सुद्धा याच ‘फीनिस’चा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा वाद न्यायालयात मिटला की तो ‘संपल्याचा’ करार होई, त्याला फाइन म्हणत. ११९५ पासून त्याची ठरलेली रीत होती. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहायचा, दोनदा वर शेजारी-शेजारी आणि एकदा तळाशी आडवा. मग नागमोडी कापून वरचे दोन तुकडे दोन्ही पक्षांना द्यायचे आणि तळाचा सरकारी खजिन्यात ठेवायचा. पुढे कुणी खोटा कागद आणला, तर कापाच्या कडा जुळत नसत. ही रीत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. प्रकरण मिटवायला भरलेले पैसे ते फाइन, आणि तिथून शिक्षेचे पैसेही फाइन. बहुसंख्य चिनी वंशाच्या सिंगापूरमध्ये तर ‘छान’ आणि ‘दंड’ या दोन अर्थांवरच पर्यटकांचे टी-शर्ट खपतात: ‘सिंगापूर इज अ फाइन सिटी’, आणि खाली थुंकण्यापासून कचरा टाकण्यापर्यंतच्या दंडांची यादी.

आता चिनीकडे बघू. तिथे ‘फाइन’चं काम एकटा शब्द करत नाही, प्रत्येक अर्थाला वेगळी चित्राक्षरं आहेत. बारीक या अर्थाचं ‘शी’ लिहिताना डावीकडे रेशमाच्या धाग्याची खूण येते. निवडक, अस्सल या अर्थाचं ‘जिंग’, त्याच्या डावीकडे तांदूळ, कारण मुळात तो सडून पांढरा केलेला तांदूळ. निरभ्र आभाळाचं ‘छिंग’, त्याच्या डावीकडे सूर्य. या शेवटच्या दोन अक्षरांचा उजवा भाग मात्र एकच आहे, उच्चार सुचवणारा. तांदूळ लावला की फाइन चहा, सूर्य लावला की फाइन दिवस. ललित कलांसाठीचा ‘मेइशू’ तर जपानहून आला. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी जपान्यांनी ‘बिजुत्सु’ हा शब्द घडवला आणि चिन्यांनी तीच अक्षरं उचलली. तिथे ‘फाइन’ म्हणजे सुंदर.

त्यामुळे चिनी विद्यार्थ्याची अडचण कल्पनांची नाही. सगळे अर्थ त्याच्याजवळ आधीच वेगवेगळे मांडलेले आहेत. शिकायचं असतं ते एवढंच, की शेजारचं नाम कोणतं आहे ते पाहून कोणता उचलायचा. एक दुवा तर त्याच्या हाताशी असून वर्गात क्वचितच दाखवला जातो. ‘हाओ’ म्हणजे चांगलं, हे पहिल्या धड्यातलं. पण क्रियापदामागे तोच ‘हाओ’ लागला की काम पुरं झालं, नीट झालं असा अर्थ होतो: ‘त्स्वो हाओ ल’, म्हणजे करून झालं. चांगलं आणि पुरं झालेलं या दोन कल्पना लॅटिन घराण्यात जशा जवळ आल्या, तशाच इथेही, एकमेकींना न विचारता.

खरा घोळ आवाजात आहे, आणि तो कोशात सापडत नाही. कुणी चहा विचारला आणि समोरचा ‘आय ॲम फाइन’ म्हणाला, तर तो तब्येत सांगत नसतो, ‘नको’ म्हणत असतो. चिनीत इथे सरळ ‘पु यूंग’, गरज नाही, म्हणतात. भांडणात दात-ओठ खाऊन म्हटलेला एकटा ‘फाइन!’ तर होकार असूनही होकार नसतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बायकोचं ‘ठीक आहे’ कोणत्या सुरात आलं यावर आपल्याकडे संध्याकाळ ठरते.

शब्दाची शास्त्रीय बाजू चीनला अलीकडे नको तितकी ओळखीची झाली. २०१३ च्या जानेवारीत बीजिंगवर दिवसेंदिवस दाट धुरकं बसलं होतं आणि पीएम २.५ हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्याच वर्षी देशाच्या परिभाषा समितीने त्याचं चिनी नाव ठरवलं: ‘शी ख-ली-वू’, म्हणजे बारीक कणांचा पदार्थ. इंग्रजीत ते ‘फाइन पार्टिक्युलेट मॅटर’. हे फाइन कण हवेत वाढले की आभाळ फाइन राहत नाही.