लोकेशन बंद, तरी नोंद चालूच

‘लोकेशन बंद ठेवलं की पोलिसांना आपला ठावठिकाणा कळत नाही’ हा जुना गैरसमज. ते बटण मुख्यतः ॲप्सना अडवतं. रेंजसाठी फोन टॉवरच्या संपर्कात राहतोच आणि तो कधी, कोणत्या टॉवरवर होता याची नोंद मोबाइल कंपनीकडे होते. टॉवर दाट असतील तिथे अंदाज बराच नेमका. विरळ असतील तिथे काही किलोमीटर इकडेतिकडे.

अमेरिकेतल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी वॉरंट न घेता एका माणसाच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ लोकेशन नोंदी मिळवल्या होत्या. चार महिन्यांचा सगळा वावर! हे मला भयंकर वाटतं. २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की अशा नोंदींसाठी सहसा वॉरंट हवंच. मुलाचं अपहरण झालं असेल, तर मात्र पोलिसांना थांबावं लागत नाही, आणि ते रास्तच आहे.