'मेक्सिकन' ते 'हिस्पॅनिक': जनगणनेतल्या एका रकान्याची पार्श्वभूमी

1848 च्या तहाने लॉस एंजेलिस मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेले, ते तिथल्या रहिवाशांसकट. कागदोपत्री हे लोक गोरे धरले गेले, कारण परक्यांना नागरिकत्व मिळवण्याची मुभा तेव्हा गोऱ्यांपुरतीच होती.

खरा गुंता 1930 चा. त्या एकाच जनगणनेत 'मेक्सिकन' हा वंश म्हणून नोंदवला गेला. पाठोपाठ मंदीच्या काळात लाखो मेक्सिकन वंशीयांना सीमेपलीकडे धाडले गेले. लॉस एंजेलिसमधून तर आगगाड्या भरभरून गेल्या. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक असलेली मुलेही होती. या अन्यायाचा उल्लेख अजूनही फार ओझरता होतो.

वंशाच्या या शिक्क्याला मेक्सिकन सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन संघटनांनी विरोध केला आणि 1940 मध्ये हे लोक पुन्हा 'गोरे' झाले. मान मिळाला, पण भेदभाव मोजायचा कसा? टेक्सासमधल्या एका काउंटीत 25 वर्षांत ज्युरीवर एकही मेक्सिकन नाव नव्हते. मेक्सिकन गोरेच आहेत आणि ज्युरीवर गोरे आहेत, मग भेदभाव कुठला, असा राज्याचा युक्तिवाद होता. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला.

1970 च्या जनगणनेत नमुन्यादाखल 5 टक्के घरांना आपले मूळ स्पॅनिश भाषिक देशांतले आहे का, हे विचारले गेले. त्यात 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन' असा पर्याय होता. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या अनेकांनी तो आपला समजून त्यावर खूण केली! 1980 पासून प्रश्न सर्वांना आला. न्यूयॉर्कचे पोर्तो रिकन, मायामीचे क्यूबन आणि लॉस एंजेलिसचे मेक्सिकन 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाचे, या एका शब्दाखाली आले. 'लॅटिनो' (लॅटिन अमेरिकी मुळाचे) हा शब्द 2000 च्या अर्जात जोडला गेला. मात्र हे 'मूळ' आहे, वंश नव्हे, ही अट कायम राहिली, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे.

2020 मध्ये देशात 6.21 कोटी हिस्पॅनिक मोजले गेले. सॅन अँटोनियोत ते साठ टक्क्यांहून अधिक, लॉस एंजेलिसमध्ये निम्म्याच्या जवळ. शिकागोत त्यांनी कृष्णवर्णीयांना मागे टाकले. पण वंशाच्या प्रश्नावर देशभरातल्या सुमारे 42 टक्के हिस्पॅनिकांनी फक्त 'अन्य' लिहिले.

मार्च 2024 मध्ये मूळ आणि वंश हे दोन्ही प्रश्न एक करण्याचा निर्णय झाला. एकाहून अधिक खुणा करता येतील. तरीही कृष्णवर्णीय हिस्पॅनिक एकच खूण करून थांबतील आणि मोजणीतून निसटतील, ही त्यांच्या संघटनांची भीती रास्त आहे.